समुद्रावरचा पंक्तिप्रपंच

टायटॅनिकवर पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचं जेवण एकाच भटारखान्यात शिजत होतं. डी डेकवर मधोमध भटारखाना, पुढच्या अंगाला पहिल्या वर्गाचं भोजनदालन, मागच्या अंगाला दुसऱ्या वर्गाचं. पहिल्या वर्गाच्या दालनात एका वेळी पाचशेहून जास्त माणसं बसू शकत. तरीही त्या वर्गातल्या काही जणांना त्या पाचशेंमध्येही बसायचं नव्हतं. त्यांच्यासाठी वर बी डेकवर वेगळं रेस्तराँ होतं. तिथे जेवणाचे पैसे निराळे द्यावे लागत, आणि प्रवासभर तिथेच जेवणार असं आधी कळवलं तर तिकिटात थोडी सवलत मिळे. लुइजी गाट्टी नावाचा इटालियन उपाहारगृहचालक ते चालवायचा. त्याची माणसं बहुतेक इटालियन आणि फ्रेंच होती, आणि ती जहाज कंपनीच्या नव्हे, त्याच्या पगारावर होती. १९१२च्या एप्रिलमध्ये जहाज बुडालं त्या रात्री पासष्टहून अधिक कर्मचाऱ्यांतले फक्त तिघे वाचले. त्यांतल्या दोघी गल्ल्यावर बसणाऱ्या बायका होत्या. गाट्टीही गेला.

समुद्रावरच्या जेवणाचा विचार करताना मला ही हकिकत सोडवत नाही, कारण तिच्यात तीन माणसं एकत्र दिसतात: सगळ्यांबरोबर जेवणारा, सगळ्यांपासून वेगळा जेवणारा, आणि दोघांना वाढणारा. शंभराहून अधिक वर्षं उलटली, पण आजच्या क्रूझ जहाजावर ही तिघं तशीच आहेत.

त्यातला तिसरा विरारमध्ये भेटतो. आगाशी, अर्नाळा, नंदाखाल, पुढे वसईपर्यंतच्या गावांत ‘तो शिपवर असतो’ हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स, मग समुद्रावरच्या सुरक्षिततेचं एसटीसीडब्ल्यूचं प्रशिक्षण, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, मेडिकल, अमेरिकेच्या बंदरांना जाणारं जहाज असेल तर तिथला व्हिसा, आणि मग सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. आता याच विरारमधून प्रवासीही जाऊ लागले आहेत. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, आईवडिलांची साठी, अशा निमित्तांनी कुटुंबं मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जहाजाने जातात. तिकीट काढताना एक प्रश्न हमखास येतो: सूट, म्हणजे जहाजावरची ऐसपैस महागडी खोली, घेतला तर जेवायला वेगळं रेस्तराँ मिळतं का, आणि मिळत असेल तर तेवढे पैसे घालावेत का?

मला वाटतं, निव्वळ जेवणासाठी घालू नयेत. पण त्याचं कारण ‘जेवण काय, सगळीकडे सारखंच’ हे नाही. फरक आहे, खरा आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे कळलं तर मोठ्या दालनातही उत्तम जेवता येतं.

वेगळ्या रेस्तराँची कल्पना टायटॅनिकच्याही आधीची. १९०५मध्ये हॅम्बर्ग-अमेरिका कंपनीने ‘अमेरिका’ या जहाजावर रिट्झ-कार्लटनच्या नावाचं रेस्तराँ काढलं. त्यामागे ऑग्युस्त एस्कोफिए हा त्या काळचा सर्वांत नामांकित फ्रेंच बल्लव होता. तोवर जहाजावर ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेबलावर ठरलेलं जेवण मिळे. इथे प्रथमच प्रवासी हवं तेव्हा येऊन हवं ते मागवू लागला. पुढे क्युनार्डच्या ‘क्वीन मेरी’वर १९३६मध्ये व्हरांडा ग्रिल आलं. ती परंपरा क्युनार्डने कधी सोडलीच नाही. २००४ साली निघालेल्या ‘क्वीन मेरी २’वर आजही ब्रिटानिया हे तीन डेक उंचीचं दालन तेराशेहून अधिक माणसांचं आहे, आणि क्वीन्स ग्रिल व प्रिन्सेस ग्रिल ही सूटवाल्यांची दालनं प्रत्येकी दोनशेच्या आसपास. कुठल्या दालनात जेवायचं ते खोलीवरून ठरतं.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट निराळी. कोकण बोटीतून गेलेली पिढी अजून आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’. लोअर डेक, अप्पर डेक, आणि ज्यांना परवडे त्यांच्यासाठी केबिन. वर्ग तिथेही होते, पण ते बसण्या-झोपण्यापुरते. जेवण बहुतेकांचं घरचं असे: भाकरी, दशम्या, चटणी, लोणचं, कुणाकडे सुकं. सतरंजी अंथरली की शेजारच्या कुटुंबाचा डबाही उघडायचा आणि दोन्हीकडचं दोन्हीकडे जायचं. लोअर डेकवर उलटीचा आणि इंजिनाच्या तेलाचा वासही असे, त्यामुळे त्या प्रवासाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण जेवण कंपनीचं नसल्यामुळे कंपनीला त्याचे वर्ग पाडता आले नाहीत, एवढं खरं.

अर्नाळ्याच्या कोळ्यांच्या बोटीवर तर ते शक्यच नाही. तांडेल असो की नवखा खलाशी, भात एकाच टोपातला आणि कालवण त्याच दिवशीच्या मासळीचं.

मोठ्या प्रवासी जहाजांवर वर्ग मोडले ते विमानामुळे. १९५८मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ‘पोहोचण्यासाठी’ जहाजाने जाणारी माणसं संपली. १९६८ साली स्थापन झालेल्या रॉयल कॅरिबियनने आणि १९७२ साली सुरू झालेल्या कार्निव्हलने फिरण्यासाठी जाणारं जहाज विकलं, आणि ते विकताना एक गोष्ट ठसवली: चढलात की सगळे सारखे. आतली बिनखिडकीची खोली असो की बाल्कनीची, संध्याकाळी सगळे एकाच दालनात. दोन पंगती, एक सहाच्या सुमाराला, दुसरी आठ-साडेआठला. टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला, आणि आठ-दहा जणांच्या टेबलावर बहुतेक अनोळखी माणसं.

ही समता जेमतेम तीन-चार दशकं टिकली. जहाजं तीन-चार हजार प्रवाशांची झाली तशी गर्दीतून सुटका ही विकण्याजोगी वस्तू झाली. २००८मध्ये ‘एमएससी फँटासिया’वर यॉट क्लब आला: स्वतंत्र दार, स्वतंत्र तरणतलाव, स्वतंत्र रेस्तराँ. नॉर्वेजियनने ‘द हेवन’ काढलं, रॉयल कॅरिबियनने ‘कोस्टल किचन’, आणि २०१५मध्ये सेलिब्रिटीने केवळ सूटवाल्यांसाठी ‘ल्युमिने’. जुन्या काळी वर्ग तिकिटावर छापलेला असे. आता तो खोलीच्या चावीच्या कार्डात असतो आणि दारावरचं यंत्र तो वाचतं.

विरारकराला हे समजायला फार वेळ लागू नये. १८६७पासून इथून लोकल सुटते. फर्स्ट क्लासचा डबा आणि सेकंड क्लासचा डबा एकाच वेळी चर्चगेटला पोहोचतात. पैसे असतात ते कोपर हलवायला मिळणाऱ्या जागेचे. सूटच्या रेस्तराँतही बरंचसं तेच विकलं जातं. पण सगळं तेच नाही, आणि त्यासाठी गॅलीत डोकवायला हवं.

जहाजावर भटारखान्याला गॅली म्हणतात आणि मोठ्या दालनाला, म्हणजे मेन डायनिंग रूमला, तिथे काम करणारी मुलं नुसतं ‘एमडीआर’ म्हणतात. बंदरात सामान भरलं जातं ते साऱ्या जहाजाचं एकत्र. सूटसाठी वेगळा तांदूळ किंवा वेगळा कांदा चढत नाही. काही महागडे जिन्नस तेवढे निराळे. शीतकोठ्या त्याच, मासे आणि मांस वितळवण्याच्या खोल्या त्याच, भाज्या चिरणारे हातही बहुतेक तेच. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर अमेरिकी आरोग्य खात्याचे निरीक्षक न सांगता येतात आणि शंभरपैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, गरम ठेवलेला ५७च्या खाली येता कामा नये. हा नियम सूटच्या टेबलाला आणि बिनखिडकीच्या खोलीतल्या माणसाला सारखाच लागू आहे. या तपासणीची ‘यूएसपीएच आली’ अशी हाक गॅलीत फिरली की सगळ्यांचेच हात थरथरतात.

फरक पडतो तो शेवटच्या काही मिनिटांत. एमडीआरची पहिली पंगत बसते तेव्हा हजारभर माणसं जवळजवळ एकाच वेळी मागणी सांगतात. आठच्या पंगतीसाठी टेबलं पुन्हा मांडायची असतात, म्हणून पाऊण-एक तासात मुख्य पदार्थापर्यंत पोहोचायलाच हवं. मग गॅली अंदाजावर चालते. मागच्या अनेक सफरींत या रात्री मासा किती गेला, कोंबडी किती गेली याचे आकडे शेफकडे असतात, आणि त्या हिशेबाने पदार्थ लाटांमध्ये तयार होतात. वेटर झाकणं घातलेल्या बशा एकावर एक रचून मोठा ट्रे खांद्यावर घेतो. काही जहाजांवर गॅली खालच्या डेकवर असते आणि तो ट्रे घेऊन सरकत्या जिन्याने वर यावं लागतं. जहाज हलत असतं ते वेगळंच.

छोट्या रेस्तराँत मागणी आल्यावर तवा तापतो. म्हणून भाजलेला मासा, नेमका हवा तेवढाच शिजलेला मांसाचा तुकडा, अंड्याचे फुगलेले हलके पदार्थ आणि तळून लगेच खायच्या गोष्टी तिथे निर्विवाद सरस असतात. झाकणाखाली सात-आठ मिनिटं गेली की या पदार्थांचा जीव जातो, मग तो बल्लव कितीही हुशार असो. पण रस्सा, डाळ, मंद आचेवर तासन् तास शिजलेलं मांस, सूप, बिर्याणी, पाव या गोष्टी मोठ्या भांड्यात बिघडत नाहीत, उलट मुरतात. गावजेवणाची आमटी घरच्या आमटीहून सरस लागते हे ज्याने अनुभवलं आहे त्याला हे सांगायला नको. एमडीआरमध्ये बसून कोळंबीची तळलेली बशी मागवायची आणि ती मऊ आली म्हणून हिरमुसायचं, हा दोष निवडीचा.

शाकाहारी मराठी प्रवाशाला आणखी एक गोष्ट माहीत असावी. परदेशी जहाजांवर एमडीआरच्या हेड वेटरला आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी छापील यादीत नसलेलं भारतीय जेवण बऱ्याचदा मिळतं, कारण मोठ्या गॅलीत भारतीय हात असतातच. ही सोय मोठ्या दालनाच्या मोठेपणातून आलेली आहे. छोट्या रेस्तराँच्या आखीव यादीत तेवढी जागा नसते.

आपल्याकडचं उदाहरण कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या ‘एम्प्रेस’चं. फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधलेलं हे जहाज, ४८ हजार टनांहून अधिक क्षमतेचं. रॉयल कॅरिबियनकडे, मग स्पेनच्या पुलमांतुरकडे, पुन्हा रॉयल कॅरिबियनकडे, आणि सप्टेंबर २०२१पासून मुंबईहून. आजच्या मापाने ते लहानच आहे आणि ज्या काळात ते आखलं गेलं तो एका दालनाचा काळ होता. म्हणूनच त्याच्या मागच्या टोकाला दोन डेक उंचीचं, काचांचं भोजनगृह मिळालं, आणि ती समुद्राकडची जागा कुठल्याही खास वर्गासाठी राखलेली नव्हती. आता बांधल्या जाणाऱ्या जहाजांवर अशी टोकाची, उंचीची जागा अनेकदा सूटवाल्यांकडे जाते. ‘एम्प्रेस’वर सूट आहेत, तिकिटाच्या दरात न येणारी छोटी रेस्तराँही आहेत. पण जैन ताट, गुजराती थाळीच्या अंगाने जाणारं शाकाहारी जेवण आणि कोंबडी-मासळी एकाच गॅलीतून वेगवेगळ्या हातांनी पोहोचवणं हे अवघड काम तिथे होतं ते बहुसंख्यांसाठी, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं.

त्याआधी २०१८च्या ऑक्टोबरमध्ये ‘आंग्रिया’ निघाली होती. जपानमध्ये १९९७ साली ‘ओगासावारा मारू’ म्हणून बांधलेली बोट, कान्होजी आंग्र्यांचं नाव, मुंबई ते गोवा. डॉर्मिटरीतल्या बंकपासून जोडप्याच्या खोलीपर्यंत झोपायचे अनेक दर होते. कोविडने ती बंद पडली. कोकण बोटीची आठवण असलेल्या माणसांना ती परत हवी आहे, आणि मलाही.

आता वाढणाऱ्याकडे. पी अँड ओच्या जहाजांवर इंग्रज साहेबांच्या काळी दालनात वाढायला गोव्याची माणसं असत, डेकवर रत्नागिरीकडची आणि गुजरातची. खलाशांचा स्वयंपाक करणाऱ्याला जहाजावर भंडारी म्हणत आणि त्याची चूल साहेबांच्या भटारखान्यापासून वेगळी असे. आज एमडीआरच्या टेबलापाशी उभा असलेला मुलगा जेवतो ते पाणरेषेच्या आसपासच्या क्रू मेसमध्ये. तिथेही भेद आहे: अधिकाऱ्यांची मेस वेगळी, स्टाफची वेगळी, क्रूची वेगळी. सूट-रेस्तराँ आणि एमडीआर यांची तुलना करणारे या तिसऱ्या भोजनगृहाकडे पाहतच नाहीत.

त्या मेसला मात्र कायद्याचा आधार आहे. २००६चा सागरी कामगार करार २०१३मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५मध्ये तो स्वीकारला. जहाजावर असेपर्यंत खलाशाला जेवण फुकट मिळालं पाहिजे, आणि ते पुरेसं, चांगलं आणि त्याच्या धर्माचा, खाण्याच्या रीतीचा विचार करून दिलेलं असावं, असं त्यात लिहिलं आहे. चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, हेही त्यातच. भारतीय क्रू असलेल्या जहाजांवर रोज भात-डाळ असते. दोन पंगती उरकून रात्री अकराला खाली आलेल्या मुलाला त्या डाळीचं मोल काय असतं, ते विरारच्या घराघरांत फोनवर ऐकायला मिळतं.

सूटच्या रेस्तराँत नेमणूक झाली तर माणसं कमी, घाई कमी. म्हणून अनुभवी मुलांना तिथे जावंसं वाटतं आणि बहुधा त्यांनाच तिथे नेमतात. पण हात तयार होतो तो एमडीआरमध्ये. वीस-पंचवीस माणसांची मागणी, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कुणाची चतुर्थी, कुणाचं मूल रडतंय, हे सगळं डोक्यात ठेवून तीच माणसं दुसऱ्या दिवशी आली की नावाने हाक मारायची, हे मोठ्या दालनाचं शिक्षण आहे.

तेव्हा तिकीट काढताना सूट घ्यायचा तर खोलीसाठी, बाल्कनीसाठी, वयस्कर आईवडिलांना रांग नको म्हणून जरूर घ्या. नाही घेतला तर मोठं टेबल मागा, दुसरी पंगत घ्या म्हणजे मागून कुणी उठवणार नाही, आणि रस्सेदार ते मागवा. सफरीच्या शेवटी अभिप्रायाचा फॉर्म येतो तेव्हा ‘सेवा छान’ एवढंच लिहून सोडू नका. वेटरचं आणि त्याच्या असिस्टंटचं नाव छातीवरच्या पट्टीवरून बघून नीट लिहा. नावानिशी आलेली दाद कंपनी त्या माणसाच्या नोंदीत धरते, आणि पुढच्या कॉन्ट्रॅक्टला असिस्टंटचा वेटर होताना ती बघितली जाते.