तुटलेली क्लिप सांधण्यापूर्वी

जुन्या मोटारीतील दाराच्या पॅडची क्लिप, डॅशबोर्डच्या खणाची कडी किंवा हवेच्या झरोक्याची पट्टी तुटली आणि तिचा सुटा भाग बाजारात मिळेनासा झाला, की घरगुती डागडुजीशिवाय गत्यंतर नसते. मात्र ती डागडुजी टिकेल की नाही, हे सांधणाऱ्याच्या हातोटीपेक्षा तो भाग कोणत्या प्लास्टिकचा आहे यावर अधिक अवलंबून असते. भागाच्या मागे प्लास्टिकचे नाव उमटवलेले नसेल, तर त्याचा कपचा पाण्यात टाकून पाहावा. पॉलिप्रॉपिलीनची सापेक्ष घनता सुमारे 0.9 असल्यामुळे ते तरंगते, तर अॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाईन आणि स्टायरीन यांपासून बनणारे एबीएस सुमारे 1.05 घनतेमुळे बुडते. खनिज भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकते. म्हणून बुडालेल्या कपच्यावर अॅसिटोनचा थेंब टाकावा, कारण त्याने एबीएस चिकट होते आणि पॉलिप्रॉपिलीन जसेच्या तसे राहते.

हाच गुणधर्म दुरुस्तीचा आधार ठरतो. एबीएसचा कीस अॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली दाट लापशी भेगेत भरली, की दोन्ही कडांचे पृष्ठभाग मऊ होतात, त्यांतील बहुवारिकांच्या, म्हणजे लांबलचक रेणूंच्या, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि अॅसिटोन उडून गेल्यावर तेथे एकजीव प्लास्टिक उरते. म्हणजे हे चिकटवणे नसून एक प्रकारचे थंड वेल्डिंगच असते. अॅसिटोनची वाफ सहज पेट घेत असल्याने हे काम उघड्या हवेत आणि ज्योतीपासून दूर करावे.

पॉलिप्रॉपिलीनची गोष्ट निराळी. त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरू देण्याची क्षमता, इतकी कमी असते की बहुतेक गोंद त्यावरून सुटून येतात. त्यामुळे सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने त्याच प्लास्टिकची पट्टी वितळवून भेगेत भरणे हाच खात्रीचा मार्ग होय. केबल टाय वितळवून भरण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते, पण तो बहुधा नायलॉनचा असतो आणि नायलॉन पॉलिप्रॉपिलीनशी एकजीव होत नाही.

एबीएसची तुटलेली खुंटी नव्याने उभारायची असल्यास खाण्याच्या सोड्यावर सायनोअॅक्रिलेट, म्हणजेच सुपरग्लू, टाकण्याचा उपाय खरोखर उपयुक्त आहे. हा गोंद एरवी पृष्ठभागावरील ओलाव्यामुळे घट्ट होतो. सोड्याची अल्कधर्मिता ती क्रिया काही सेकंदांवर आणते आणि सोड्याचे कण भर म्हणून काम करतात. या वेळी उष्णता आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निर्माण होते, शिवाय तयार होणारा भाग टणक पण ठिसूळ असल्यामुळे वारंवार वाकणाऱ्या क्लिपसाठी तो निरुपयोगी ठरतो.

छताचे लोंबणारे कापड मात्र नुसत्या गोंदाने सावरत नाही, कारण बहुतेकदा गोंद नव्हे, तर कापडामागील पॉलियुरेथेनचा फोमच उष्णता आणि दमटपणामुळे विघटित होऊन त्याचा भुगा झालेला असतो. त्या भुग्यावर फवारलेला नवा गोंद भुग्यालाच धरतो. म्हणून जुना थर पूर्ण खरवडून फोमसह नवे अस्तर उष्णता सोसणाऱ्या कॉन्टॅक्ट गोंदाने लावावे लागते. ग्लू गनचा साधा गोंद येथे चालत नाही, कारण उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या छताखाली तो मऊ पडतो.