तंजावरात एक दिवस, मराठीच्या सोबतीनं

तंजावरचं बृहदीश्वर मंदिर पाहायला गेलेला मराठी पर्यटक नंदीला हात जोडतो, विमानाचे फोटो काढतो आणि पुढच्या गावाला निघतो. प्राकाराच्या नैर्ऋत्येकडची भिंत त्याच्या नजरेतून सुटते. त्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरलेला आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला. इतका मोठा मराठी शिलालेख महाराष्ट्रातसुद्धा पाहायला मिळत नाही.

मंदिर मात्र राजराज चोळाचं, १०१० मध्ये पुरं झालेलं. विमान साठ मीटरच्या आसपास उंच, सगळं ग्रॅनाइटचं. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं गाइड हमखास सांगतात. ते खरं नाही. सकाळच्या उन्हात मी त्याच सावलीतून चालत शिलालेखापाशी गेले.

एकेक ओळ मोठ्यानं वाचत होते, तेव्हा मागून कुणीतरी मराठीत विचारलं, ‘‘कुठल्या तुम्ही?’’ निवृत्त शिक्षिका, कांजीवरम साडी, बोलण्याला तमिळ हेल. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. त्यांचे पूर्वज राजांच्या पदरी होते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७०च्या दशकात इथं राज्य उभं केलं. १८५५ मध्ये शेवटचे राजे पुत्राविना वारले आणि इंग्रजांनी ते खालसा केलं. राज्य गेलं, माणसं राहिली.

दुपारी मंदिर बंद होतं, म्हणून अक्का मला घरी जेवायला घेऊन गेल्या. पानात डांगर पचडी होती. उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवायचं आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी द्यायची. आपल्याकडचं डांगरच हे. कृती मागितली तर त्यांनी माझ्या वहीत भराभर लिहून दिली: भाषा मराठी, अक्षरं तमिळ! ‘‘घरात हेच बोललो, पण शाळेत मराठी कुणी शिकवली?’’ मग त्यांनी वाचून दाखवली आणि मी देवनागरीत उतरवून घेतली. जेवणानंतर त्यांनी एक साकी म्हटली. समर्थांच्या शिष्यांनी इथं मठ काढले, मराठी कीर्तन इथं रुजलं. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आली ती त्यातूनच. तंजावर कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात त्या कलेला आजचा घाट दिला. आपल्या कीर्तनपरंपरेबद्दल बोलताना हा धागा आपण विसरतो, याचं मला वाईट वाटतं.

राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला दोघी गेलो. मूळ नायक राजांच्या काळातलं, पण त्याला वैभव आलं ते सरफोजींमुळे. हस्तलिखितं चाळीस हजारांहून जास्त. बहुतेक संस्कृत, शिवाय तमिळ, तेलुगू आणि मराठी. सरफोजींचे गुरू जर्मन मिशनरी श्वार्ट्झ. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या या राजानं राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि इसापनीती मराठीत छापून घेतली. त्यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार होत. प्रत्येकाची हकीकत आणि सोबत त्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र, असे कागद ग्रंथालयानं जपले आहेत. बुबुळावरचा पडदा, पापणीची सूज, सगळं चित्रकारानं टिपलेलं. इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतलेला हा राजा उरलेलं आयुष्य अशा कामात घालवतो, म्हणून मला तो मोठा वाटतो.

पर्यटकाला दिसतं ते काचेआडचं. मोडी कागदांची बाडं आत कपाटांत आहेत आणि मोडी वाचणारे थोडे. अक्कांनाही मोडी येत नाही. पूर्वजांबद्दल त्या बाडांत काय लिहिलंय, हे कळावं अशी त्यांची फार इच्छा आहे.

तेव्हा तंजावरला जाल तर सकाळ मंदिराला द्या, शिलालेख शोधून वाचा आणि दुपार ग्रंथालयासाठी राखून ठेवा. जमल्यास आधी मोडी शिकून जा.