लाखोळीची डाळ आणि मेंदूतल्या पेशी

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या घरांना लाखोळी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. धान कापायच्या आधीच बांधीतल्या ओलीवर तिचं बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, तरी येते. पाऊस दगा देतो तेव्हा बाकी सगळं वाळतं, लाखोळी उभी राहते. म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात तीच उरते आणि पाय जातात ते तेव्हाच.

या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. दोन-तीन महिने रोजच्या जेवणाचा मोठा हिस्सा लाखोळीचाच असला की काहींच्या पोटऱ्यांत गोळे येतात, पाय ताठरतात, टाच टेकत नाही. माणूस चवड्यांवर चालतो, गुडघे एकमेकांवर घासतात. मग एक काठी, मग दोन. काही जण शेवटी बसून सरकतात. डोकं शाबूत असतं, जीव जात नाही, पण गेलेले पाय परत येत नाहीत. हातावर पोट असलेल्या घरात याचा हिशेब वेगळा मांडायची गरज नाही.

असं का होतं, हे समजायला मेंदूत डोकवावं लागेल. एका चेतापेशीला दुसरीला जागं करायचं असतं तेव्हा ती ग्लुटामेट नावाचं रसायन थोडंसं सोडते. निरोप पोचला की ते लगेच उचलावं लागतं. हे काम मुख्यतः शेजारच्या आधारपेशींचं. ॲस्ट्रोसाइट त्यांचं नाव, दिसायला चांदणीसारख्या. त्या ग्लुटामेट आत ओढतात, त्याचं ग्लुटामिन करून चेतापेशीला परत देतात. वॉर्डात आयाबाई एक पाळी आली नाही तर काय होतं ते आम्ही नर्सेसना विचारा. मेंदूतही तसंच. ग्लुटामेट साचलं की चेतापेशीची दारं उघडीच राहतात, कॅल्शियम आत घुसत राहतं आणि पेशी आतूनच कुरतडली जाते. आधारपेशीही सुटत नाहीत. ॲस्ट्रोसाइट सुजतात, त्यांची उचलण्याची ताकद घटते, मग आणखी साचतं. मज्जातंतूंवर वेष्टण चढवणाऱ्या दुसऱ्या आधारपेशीही मरतात.

लकव्याचा झटका येतो तेव्हा नेमकं हेच घडतं. रक्त अडलं की पेशींची शक्ती संपते आणि ग्लुटामेटचा पूर येतो. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर 108 ला फोन लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. चोळत बसू नका.

लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचा पदार्थ असतो. भारतीय शास्त्रज्ञांनी तो 1964 मध्ये शोधला. घडणीनं तो ग्लुटामेटचा भाऊबंद, त्यामुळे चेतापेशी फसते. मेंदूपासून पाठीच्या कण्यात उतरून पाय चालवणाऱ्या लांबलचक पेशींना त्याचा फटका सर्वांत जास्त.

(चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोतही ग्लुटामेट असतं, म्हणून पुष्कळ बाया घाबरून विचारतात. पोटात गेलेलं ग्लुटामेट बहुतेक आतड्यातच खर्ची पडतं, उरलेलं मेंदूच्या दारातच अडतं. त्या गाडीवरच्या तेलामिठाची काळजी आधी करा.)

हा आजार कुणाला झाला तेही पाहा. मध्य प्रदेशात रीवा भागात सालदारांना मजुरीच या डाळीत मिळायची. दुसऱ्या महायुद्धात वाप्नियार्काच्या छावणीत ज्यू कैद्यांना गुरांचा हाच दाणा खायला घातला, तेव्हा त्यांचेही पाय गेले. ज्याच्या हातात ताट निवडणं नव्हतं, त्याचे पाय गेले. आपल्याकडे 1961 मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. पण बंदीनं तुरीची डाळ काही घरात आली नाही. आमच्या मते रेशनवर दुसरी डाळ मिळणं हा बंदीपेक्षा मोठा उपाय आहे. रतन, प्रतीक, महातिवडा अशी कमी ओडॅपची वाणंही निघाली आहेत. बी घेताना कृषी सहायकाकडे त्यांची चौकशी करा.

घरात लाखोळी असेलच तर ती गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेका. भरपूर पाण्यात उकळा, तेही पाणी फेका, मग फोडणी द्या. यानं बरंच विष निघून जातं, सगळं नाही. तिच्यासोबत भात किंवा भाकरी, कांदा, लसूण, लिंबू असू द्या. नुसत्या लाखोळीवर दिवस काढू नका आणि महिनोन्‌महिने रोज तर नाहीच. सुट्टं बेसन आणि तूरडाळ स्वस्त मिळाली तर जरा जपून, कारण तीत लाखोळी मिसळतात. अख्खा दाणा पाचरीसारखा कोनदार असतो, डाळ झाल्यावर मात्र ओळखणं अवघड.

पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, चाल ताठरली, तर लाखोळी त्याच दिवशी बंद करा आणि सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी काय काय खाता आणि किती दिवसांपासून, हे आपणहून सांगा.