जुन्या-नव्याला एकच माप

सिनेमा पाहून झाल्यावर आपण एकमेकांना जे सांगतो ते बहुतेक वेळा मत नसतं, निकाल असतो. ‘भारी आहे’, ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘इंटरव्हलनंतर ढेपाळला’. सिनेमा जुना असेल तर निकालाची भाषा बदलते. मग ‘त्या काळाच्या मानाने चांगला होता’ किंवा ‘आता असे सिनेमे होणे नाही’. पहिल्या वाक्यात सवलत आहे, दुसऱ्यात भक्ती. आणि दोन्हींमुळे पडद्यावर नेमकं काय घडलं ते बघायची गरजच उरत नाही. गेल्या शुक्रवारी लागलेला सिनेमा असो की ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा, दोघांना एकच माप लावायला हवं असं मला ठामपणे वाटतं. ते माप सिनेमाच्या आतच सापडतं. एखादं दृश्य किती वेळ चाललं, कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा राहिला, आवाज कुठे आला आणि कुठे थांबला, हे ज्याला सांगता येतं त्याच्या मताशी वाद घालता येतो. निकालाशी फक्त हो किंवा नाही म्हणता येतं.

‘त्या काळाच्या मानाने’ ही सवलत किती पोकळ आहे हे कळायला व्ही. शांताराम यांचा १९३७ सालचा ‘कुंकू’ पुरेसा आहे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर बेतलेल्या या सिनेमात एका तरुण मुलीचं लग्न फसवणुकीने म्हाताऱ्या विधुराशी लावून दिलं जातं. शांता आपटे यांनी उभी केलेली ही मुलगी हे लग्न मान्यच करत नाही. ती रडून सहानुभूती मागत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहून ती नवऱ्याला नवरेपण नाकारते. केशवराव दाते यांच्या म्हाताऱ्याला आपण काय केलं हे हळूहळू उमगत जातं, आणि सिनेमा त्यालाही खलनायक करून मोकळा होत नाही. आता याच्यापुढे १९९१ चा ‘माहेरची साडी’ ठेवून पाहा. ‘कुंकू’नंतर ५४ वर्षांनी आलेल्या आणि महाराष्ट्रभर तुफान चाललेल्या या सिनेमाची नायिका शेवटपर्यंत सोसत राहते, आणि तिचं सोसणं हाच तिचा मोठेपणा ठरतो. काळ पुढे गेला की सिनेमाचा विचारही आपोआप पुढे जातो, हे गृहीतक इथेच मोडतं. म्हणून ‘कुंकू’ला काळाची सवलत देणं हा त्या सिनेमाचा अपमान आहे. त्याला ती कधीच नको होती.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आजची मूल्यं जुन्या सिनेमावर लादणं अन्याय आहे, असं म्हणतात. आक्षेपात तथ्य असतं, जर त्या काळात वेगळा विचार करणारं कोणीच नसतं. पण माप आजचं कशाला हवं? शांतारामांचंच माप शांतारामांना लावू. ‘कुंकू’नंतर ३५ वर्षांनी, १९७२ मध्ये, त्यांनी ‘पिंजरा’ केला. राम कदम यांचं संगीत, जगदीश खेबुडकरांची गाणी, डॉ. श्रीराम लागू यांचे मास्तर, संध्या यांची तमासगीर; यातलं काहीही विसरता येत नाही. तरीही मास्तरांच्या अधःपाताची कथा सांगताना कॅमेरा बराच काळ तमाशाकडे मोह म्हणूनच बघतो. फडातल्या बायकांचं पोट, त्यांचे कष्ट, त्यांची इभ्रत यांच्याकडे तो फारसा वळत नाही. पुढे त्या बाईच्या मनाला वळण मिळतं, पण तेही मास्तरांच्या निष्ठेतून. २०१० चा ‘नटरंग’ फडाच्या आत शिरतो आणि नाच्याचं काम स्वीकारणाऱ्या पुरुषाला गाव, घर आणि शरीर या तिन्ही पातळ्यांवर काय किंमत मोजावी लागते ते दाखवतो. दोन्ही सिनेमे पाहून बोलणाऱ्याला ‘पिंजरा’ची गाणी आवडल्याचं लपवावं लागत नाही, आणि त्याची नजर अपुरी आहे हेही सांगता येतं. अभिजात म्हणून डोक्यावर घेतलेल्या सिनेमाबद्दल असं बोललं की लोक दुखावतात. दुखावू देत, तो सिनेमा एवढं ऐकून घेण्याइतका भक्कम आहे.

दुसरा आक्षेप तंत्राचा. तेव्हा साधनं तुटपुंजी होती, आज सगळं हाताशी आहे, मग तुलना कशी करायची? साधनांची तुलना करूच नये. त्या साधनांचं काय केलं, ते पाहावं. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. बोलपट येऊन सहा वर्षं झाली होती, तो काढणाऱ्या प्रभात कंपनीकडे उत्तम वादक होते, तरी शांतारामांनी प्रसंग घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांवर पेलला. भिंतीवरचं घड्याळ त्या घरातलं एक पात्रच होऊन बसतं. आता ‘सैराट’कडे या. २०१६ च्या या सिनेमासाठी संगीतकार अजय-अतुल यांनी परदेशातल्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद बसवला. पूर्वार्धात त्या वाद्यवृंदावर प्रेम उधळतं, विहीर, केळीची बाग, बुलेट, ट्रॅक्टर सगळं त्या सुरात न्हाऊन निघतं. आणि एवढा आवाज कमावलेला दिग्दर्शक शेवटच्या मिनिटांत आवाज पूर्ण काढून घेतो. मूल रडताना दिसतं, ऐकू येत नाही. एकाने संगीत वापरलंच नाही, दुसऱ्याने भरपूर वापरून ऐन वेळी थांबवलं. मधल्या ७९ वर्षांत साधनं कुठल्या कुठे गेली, पण प्रेक्षकाला आधार कधी द्यायचा नाही हा निर्णय दोघांनाही स्वतःच घ्यावा लागला. या निर्णयाबद्दल बोलायला साउंड रेकॉर्डिंगचं शिक्षण लागत नाही.

‘सैराट’बद्दल एक तक्रार तेव्हापासून ऐकू येते: दुसरा भाग संथ आहे. निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. हैदराबादला पोहोचल्यावर स्लो मोशन सरते, गाणी सरतात. उरते ती पत्र्याची खोली, कामाची ओढाताण आणि क्षुल्लक कारणांवरून होणारी भांडणं. पूर्वार्धाने प्रेमाचा जो सिनेमा दाखवला होता तो दिग्दर्शक नागराज मंजुळे इथे जाणीवपूर्वक उतरवतात. तो उतार न सोसता थेट शेवटाकडे गेलं असतं, तर शेवट नुसता धक्का ठरला असता. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’वरही (२०१४) संथपणाचाच आरोप होतो. तिथे कॅमेरा एका जागी उभा राहतो आणि काम संपल्यावरही हलत नाही. तारखा पडत राहतात, फाइली सरकतात, लोककलावंत तुरुंगातच राहतो. सरकारी वकील बाई कोर्टातून सुटल्यावर मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात. त्यांच्यासाठी एका माणसाचं तुरुंगात असणं हा दिवसातला एक भाग आहे. ही गोष्ट घाईने सांगितली असती तर खोटी झाली असती. जुने सिनेमे संथ असतात असं म्हणणाऱ्यांनी ‘कोर्ट’ पाहून ‘संत तुकाराम’ पाहावा. १९३६ च्या त्या सिनेमात गौरी यांची जिजाई पडद्यावर आली की दृश्य धावू लागतं. भूक, मुलं, गोठा, विठोबावरचा राग, सगळं एका दमात. तिचं बोलणं इतकं घरचं आहे की जुना अभिनय म्हणजे नाटकी, हा समजही तिच्यापुढे टिकत नाही.

भक्तीचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल. आता असे सिनेमे होत नाहीत असं वाटतं, कारण जुन्यातले कोणते आपल्यापर्यंत आले ते चाळणीतून आले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चा (१९१३) फक्त काही भाग उरला आहे, आणि पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत उपलब्ध नाही. मूकपटांतले बहुतेक गेले. चांगले गेले तसे सुमारही गेले, आणि प्रती उरल्या तरी सुमार सिनेमे कोणी पुन्हा लावत नाही. प्रभातच्या दहा निवडक सिनेमांशी आपण या वर्षी लागलेल्या झाडून सगळ्या सिनेमांची तुलना करतो, आणि वर्तमान हरला म्हणून हळहळतो.

सर्वांत गंभीर आक्षेप आवडीनिवडीचा आहे. मला आवडला, तुला नाही, विषय संपला. आवडीवर वाद नसतो हे खरंच आहे. पण आवड सांगून थांबलं की समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये पडला. भारतातला पहिला सिनेमास्कोप, व्ही. के. मूर्ती यांची छायाकला, तरीही पडला. पुढच्या पिढ्यांनी तो उचलून धरला तो केवळ दया आली म्हणून नव्हे. अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ वाचलं की हे लक्षात येतं. खोपकर प्रकाश, सावली, चेहरा, कॅमेऱ्याची हालचाल यांचं वर्णन करतात आणि वाचक पुन्हा सिनेमाकडे जातो, त्यांचं खरं आहे का ते तपासायला. तपासता येईल असं बोलणं हीच मताची खूण, आणि तपासून असहमत होता येतं. उदाहरणार्थ, मला ‘कागज के फूल’मधला जॉनी वॉकरचा विनोदी धागा बाहेरून चिकटवल्यासारखा वाटतो, तो नायकाच्या एकटेपणाला उठाव देत नाही, त्यातून लक्ष काढून घेतो. ज्याला तो धागा हवासा वाटतो त्याने कुठल्या दृश्यात तो कामी येतो ते दाखवावं. दाखवलं तर मला मत बदलावं लागेल.

आणि हे समीक्षकांचं काम आहे असं समजून सामान्य प्रेक्षकाने मागे सरू नये. पुण्यात सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वाद शिकवला तो ‘पथेर पांचाली’ तुकड्या-तुकड्याने दाखवत. रसास्वादाचे वर्ग आणि महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्या यांनी शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गृहिणी अशा कितीतरी लोकांना हीच सवय लावली. परिभाषा नंतर येते. ‘बोअर झालं’ म्हणणाऱ्याला ‘कुठे?’ एवढं विचारलं तरी बोलणं पुढे सरकतं, कारण त्याला ते दृश्य आठवावं लागतं. एवढ्या तपशिलात शिरलं तर सिनेमा न पाहिलेल्याची मजा जाते, ही भीती फक्त नव्या सिनेमापुरती रास्त आहे आणि पहिल्या काही आठवड्यांपुरतीच. ‘फँड्री’ सिनेमाच्या शेवटी त्यातला मुलगा जब्या दगड भिरकावतो हे आता सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही तो सिनेमा पुन्हा पाहणाऱ्याला डुक्कर पकडताना राष्ट्रगीत कानावर पडल्यावर कोण कोण थांबतं, आणि त्या काही सेकंदांत सुटलेलं डुक्कर कुठे जातं, हे पाहायचं असतं.