दोन आकड्यांचा हिशेब

कला शाखेत प्रवेश घेतला तेव्हा गणित आणि विज्ञान या दोघांनाही मी हात जोडून निरोप दिला होता. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या भाड्याच्या खोलीतील एका प्लगने मला पुन्हा त्यांच्याच दारात नेऊन उभे केले.

आम्ही तिघे मित्र. अंघोळीचे पाणी तापवायला एक रॉड. तो आम्ही पंख्याच्या बटणाशेजारच्या लहान सॉकेटमध्ये लावत असू. एका सकाळी जळका वास आला. मेन बंद करून पाहतो तो प्लगच्या पिना काळ्या पडलेल्या आणि सॉकेट वितळलेले. फ्यूज मात्र शाबूत!

वायरमनकाका आले. त्यांनी मोठे सॉकेट बसवले, रॉड सुरू करून मीटर लावले आणि म्हणाले, "दाब २३० व्होल्ट, प्रवाह साडेसहा अँपिअर. आता कॉलेजवाल्यांनीच हिशेब करावा!"

हिशेब सोपा निघाला. उंच टाकीतल्या पाण्याला जसा दाब असतो तसा विजेला व्होल्टचा; नळातून पाणी वाहते तसा अँपिअरचा प्रवाह; आणि नळ अरुंद असला की होतो तो अडथळा म्हणजे रोध. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो: २३० ÷ ६.५ = सुमारे ३५.४ ओहम. दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते: २३० × ६.५ = १४९५ वॅट. रॉडवर १५०० वॅट छापलेच होते. यांतला भागाकाराचा नियम १८२७ साली प्रसिद्ध करणारा गेऑर्ग ओहम हा जर्मनीतील एक शिक्षक होता, हे आमच्या प्राध्यापकांना आवडावे.

मग सॉकेट का जळले? लहान सॉकेट ६ अँपिअरचे. म्हणजे ओझे आधीच जास्त. त्यात पिना सैल. सैल जागी अर्धा ओहम रोध जरी धरला, तरी प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ६.५ × ६.५ × ०.५, सुमारे २१ वॅट उष्णता त्या टिचभर जागेत साठत होती. रेडिओ दुरुस्त करणारे ज्या तापलेल्या सळईने डाख देतात, तीही साधारण २५ वॅटचीच असते! फ्यूज गप्प राहिला, कारण तो फक्त प्रवाह ओळखतो. आणि सैल जोडाने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. फ्यूज आहे म्हणून निर्धास्त राहणे किती धोक्याचे, ते मला त्या दिवशी कळले.

याच हिशेबाने गावचेही एक कोडे सुटले. संध्याकाळी पाणी तापत नाही म्हणून आई तसाच रॉड टाकून द्यायला निघाली होती. तेव्हा घरी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो. रोध तोच, म्हणून प्रवाह सुमारे ५.१ अँपिअर आणि शक्ती जेमतेम ९१५ वॅट. दाब पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक घटला, पण शक्ती दीड हजारावरून नऊशेवर आली, कारण दाबाबरोबर प्रवाहही घटतो. रॉड निर्दोष होता!

हा सरळ हिशेब रॉड, शेगडी, इस्त्री अशा तापणाऱ्या वस्तूंचा. पंखा-मोटारीचे गणित थोडे वेगळे. तरी मित्रहो, वसतिगृहात नवी शेगडी लावण्यापूर्वी तिच्यावरचे वॅट २३० ने भागा. उत्तर सहाच्या वर आले, तर लहान सॉकेटला हात लावू नका. एवढे गणित कला शाखेलाही परवडते.