चार मीटरची गाडी आणि सात माणसांचे घर

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरातल्या काही मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीझ गाड्या घेतल्या आणि औरंगाबादचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना होताच. 'यती' नावाची छोटी डिझेल एसयूव्ही तिथेच जोडली जायची. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने बिडकीनसाठी २०,००० कोटींचा करार केला. थोडक्यात, छत्रपती संभाजीनगरला गाड्यांचे अप्रूप नाही. पण मुकुंदवाडीच्या गल्लीत गाडी येते ती वेगळ्या वाटेने. दोन भिशा, कंपनीतला बोनस, अब्बांच्या निवृत्तीच्या रकमेतला थोडा भाग आणि दुबईतल्या भावाने पाठवलेले पैसे असे सगळे मिळून ती येते. ती एकदाच येते आणि दहा-बारा वर्षे राहते. म्हणून निवड चुकली तर ती दहा-बारा वर्षे दारात उभी राहून डोळ्यांत खुपते.

शाळेच्या स्टाफरूममध्ये गेल्या वर्षभरात हाच विषय चारदा निघाला. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: “मॅडम, डिझेल घेऊ का?” आणि गाडी कोणती, तर लहान एसयूव्ही. म्हणजे लांबीला चार मीटरच्या आतली, पण उंच बसायची. ही चार मीटरची मर्यादा कुठून आली, तर करातून. गाडी ४,००० मिलिमीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत असेल तर ती 'लहान गाडी' धरली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याआधी उपकर धरून ३१ टक्के होता. मोठ्या गाड्यांना आता ४० टक्के. म्हणून कंपन्या बंपर आखडून गाडी चार मीटरच्या आत बसवतात, आणि ती जागा बहुधा डिकीतून जाते.

डिझेल स्वस्त पडते ही आपल्याकडची समजूत जुनी आहे, आणि एके काळी ती खरीच होती. २०१२ च्या मध्यावर पेट्रोल आणि डिझेल यांच्यात लिटरमागे ३० रुपयांच्या आसपास फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि ही दरी भरत गेली. आता आपल्याकडे फरक साधारण १३ रुपयांचा आहे. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीचा एकरकमी रस्ता कर पेट्रोलपेक्षा जास्त आहे: १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३ टक्के.

गणिताची शिक्षिका नसले तरी हा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवते. पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज १५ धरले तर किलोमीटरला ७ रुपये. डिझेल ९२ रुपये आणि ॲव्हरेज १९ धरले तर ४ रुपये ८४ पैसे. वाचले २ रुपये १६ पैसे. आता त्याच गाडीचे डिझेल मॉडेल कर धरून दीड लाखाने महाग असेल, तर वर्षाला ८,००० किलोमीटर चालवणाऱ्या घराला हे दीड लाख वसूल व्हायला पावणेनऊ वर्षे लागतील. वर्षाला २०,००० चालवणाऱ्याला साडेतीन. आकडे तुमच्या गाडीचे घाला, रीत हीच. आणि ८,००० सुद्धा कमी वाटत असेल तर मोजून पाहा. घर ते शाळा तीन किलोमीटर, बाजार दोन, महिन्यातून एकदा माहेर. बहुतेक नोकरदार घरे तेवढीही चालवत नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक जाळी बसली. तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साचली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. पण त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग गाडी पळवावी लागते. मुकुंदवाडीतून निघून जालना रोडच्या सिग्नलांवर थांबत सिडकोत पोहोचणाऱ्या आणि तशीच परतणाऱ्या गाडीला तो वेळ कधी मिळतच नाही. जाळी तुंबते, काट्यांजवळ दिवा लागतो, पिकअप जातो, आणि शेवटी जाळी साफ करणे किंवा बदलणे हा मोठा खर्च उभा राहतो. अलीकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही असते. ती रिकामी ठेवून चालत नाही. गाडी पाहायला गेलात तर हे दोन प्रश्न आधी विचारा, सनरूफचा नंतर.

मग डिझेल घ्यावे कोणी? ज्याचे काम जालना, बीड, परभणी असे रोजचे आहे त्याने. ज्याची मुलगी नाशकात किंवा नागपुरात दिली आहे आणि महिन्याला एक फेरी ठरलेली आहे त्यानेही. सावंगीला समृद्धी महामार्गावर चढले की डिझेल गाडी आपल्या घरी आल्यासारखी चालते. जाळीही साफ होते आणि पैसेही वाचतात. कन्नडच्या घाटातून चाळीसगावकडे पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन जाताना डिझेलचा जोर कळतो. पेट्रोल गाडीला तिथे सारखे खालच्या गिअरवर यावे लागते. बाकीच्यांनी पेट्रोल किंवा सीएनजी पाहावी. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असल्याने ॲव्हरेज थोडे उतरते हे खरे, पण तेवढ्यासाठी डिझेलकडे पळण्याचे कारण नाही.

नव्या गाड्यांत चार मीटरच्या आत डिझेल देणारे थोडेच उरले आहेत. टाटाची नेक्सॉन, महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ, ह्युंदाईची व्हेन्यू, कियाची सोनेट, आणि महिंद्राच्याच बोलेरो व बोलेरो निओ. मारुतीने एप्रिल २०२० मध्येच डिझेल बंद केले. नेक्सॉन पुण्याजवळ रांजणगावला बनते आणि ३एक्सओ नाशिकला, म्हणजे दोन्ही आपल्या घरच्याच.

बोलेरो निओबद्दल थोडे थांबून सांगते, कारण मोठ्या कुटुंबात पहिली नजर तिच्यावरच जाते. सात माणसे बसतात, किंमत आवाक्यात, गावाकडच्या खराब रस्त्याला दणकट. पण मागच्या दोन सीट आडव्या, एकमेकांसमोर तोंड केलेल्या आहेत आणि तिथे नेहमी लहान मुलेच बसवली जातात. एप्रिल २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत या गाडीला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी, दोन्हींत एकच तारा मिळाला. समृद्धीवर गाड्यांना ताशी १२० ची मुभा आहे. त्या वेगाला मागच्या आडव्या सीटवर नातवंडे बसवायची की नाही, हे आजी-आजोबांनी एकत्र बसून ठरवावे. माझे मत विचाराल तर सात माणसांसाठी वर्षातून चार वेळा भाड्याची मोठी गाडी करावी आणि रोजसाठी पाच सीटची सुरक्षित गाडी ठेवावी.

नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला हे पहिल्यांदाच घडले. एक्सयूव्ही३०० ला जानेवारी २०२० मध्ये पाच, जुन्या व्हिटारा ब्रेझाला चार.

आपल्या भागात मात्र खरी उलाढाल जुन्या गाड्यांची आहे, आणि त्याचे एक कारण उघड आहे. पुष्कळ घरांना व्याजाचे कर्ज नको असते. आठ लाख रुपये नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता १२,८७० च्या आसपास बसतो आणि एकूण परतफेड १० लाख ८० हजारांवर जाते. धर्माचा विचार बाजूला ठेवला तरी पावणेतीन लाखांहून जास्त रक्कम फुकट जाते. बिनव्याजी मार्ग बँकांतून येईल अशी आशा काही वर्षे होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. तेव्हा रोख साठवा आणि साठेल तेवढ्याची जुनी घ्या, असे सरळ धोरण बरीच घरे पाळतात. विम्याबद्दल मात्र घोळ घालू नये. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो समोरच्या जखमी माणसाच्या भरपाईसाठी असतो.

चार-पाच लाखांच्या घरात जुनी डिझेल बघायला गेलात की तीन गाड्या हमखास दाखवतात: २०१६ नंतरची व्हिटारा ब्रेझा, फोर्डची इकोस्पोर्ट आणि सुरुवातीची नेक्सॉन. ब्रेझाचे १.३ लिटरचे इंजिन मूळ फियाटचे. तेच स्विफ्ट डिझेलमध्ये होते, त्यामुळे गल्लीतल्या मेकॅनिकलाही ते पाठ आहे. इकोस्पोर्ट चालवायला गोड, पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. सुटे भाग देत राहू असे कंपनीने सांगितले असले तरी घेण्याआधी आपल्या शहरात त्या गाडीचे काम कोण करतो ते पाहावे. तिचा मागचा दरवाजा बाजूला उघडतो आणि स्टेपनी त्याच्यावरच असते. मागे भिंत टेकलेली असेल तर डिकी उघडतच नाही.

एक बाब बायकांनीच लक्षात आणून द्यावी लागते, कारण पुरुष पुढे बसून टेस्ट ड्राइव्ह घेतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो. जुन्या ब्रेझात, इकोस्पोर्टमध्ये आणि एक्सयूव्ही३०० मध्येही मागच्या सीटसाठी एसीचे वेगळे झोत नाहीत. पुढे ड्रायव्हरला गारठा आणि मागे अम्मी, बुरख्यातली सून आणि मांडीवरचे बाळ घामाघूम, असा प्रवास असतो. नेक्सॉनच्या वरच्या मॉडेलांत, व्हेन्यूत आणि सोनेटमध्ये मागे झोत मिळतात. ३एक्सओमध्येही ही उणीव भरून काढली आहे. एक्सयूव्ही३०० रुंदीला मात्र चांगली, मागे तीन माणसे नीट बसतात. डिकी लहान. म्हणून गाडी पाहायला घरातल्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोबत न्यावे. त्यांना न वाकता, न चढता, सरळ सीटवर टेकता आले पाहिजे. दहा मिनिटे मागे बसून मगच होकार द्यावा.

जुन्या डिझेलची पारख सकाळी करावी. आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका असे आधीच सांगून ठेवा. थंड इंजिन पहिल्या चावीला घेते का पाहा आणि मागे उभे राहून धूर पाहा. काळा धूर दिसला तर इंजेक्टर किंवा हवेचा फिल्टर तपासा. निळा असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे, तिथून सरळ परत या. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर तेही वाईट लक्षण. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर समृद्धीवर नेऊ नये. मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला जुना तपशील मागा. आणि गाडी कधीची हे बनल्याच्या महिन्यावरून ठरवा, कारण एप्रिल २०१९ पासून सर्व गाड्यांना एबीएस आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरला एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या खालच्या मॉडेलांत ते असेलच असे नाही.

अलीकडे दिल्लीकडच्या डिझेल गाड्या अगदी पाण्याच्या भावात दाखवल्या जातात. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, म्हणून मालक त्या बाहेर काढतात. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यामुळे इथे ती चालू शकते. पण तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र लागते आणि इथला रस्ता कर पुन्हा भरावा लागतो. एजंट “नंतर करून देतो” म्हणाला तर नंतर पैसे देतो असे आपणही म्हणावे.

एमएच-२० ची गाडी असली तरी कागद तेवढेच नीट पाहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही त्याच बैठकीत घ्या. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून टाका, नाहीतर पहिल्याच टोलनाक्यावर त्याच्या खात्यातून पैसे जातील आणि रात्री फोन येईल.