दांतांवरून ओळखावयाचें कूळ

औसा तालुक्यांत शेताच्या बांधावर बिळें करणारा रानउंदीर, माळवदाच्या घरांतील कणगीभोंवतीं वावरणारा घरउंदीर आणि चिंचेवरची खार यांचें वरकरणी साम्य थोडें. तरी प्राणिशास्त्रांत तीं सारीं कृंतक या एकाच गणांत मोडतात.

या गणाची खूण दांतांत आहे. वर व खालीं पटाशीच्या दांतांची एकेकच जोडी असते आणि ते दांत जन्मभर वाढतात. त्यांचें कठीण कवच पुढच्याच अंगास असतें. मागील मऊ भाग लवकर झिजतो व दांतास सुताराच्या पटाशीसारखी धार राहते. म्हणून कुरतडणें ही नुसती खोड नव्हे. दांत झिजले नाहींत तर ते वाढून खाणेंच अशक्य होतें. सुळे मुळींच नसतात.

या खुणेनें चिचुंदरी वगळली जाते; तिचे दांत किडे खाण्याजोगे टोंकदार असतात. सशाच्या वरच्या पटाशीच्या दांतांमागें आणखी एक लहान जोडी असते. म्हणून १९१२ सालीं गिडली यांनीं त्याचा गण निराळा मानला. कृंतकांचे खार, उंदीर व साळिंदर असे तीन वर्ग ब्रांट यांनीं १८५५ मध्यें जबड्याच्या स्नायूंवरून पाडले होते. आतां बहुधा पांच उपगण मानतात.

परंतु एका वर्गांतलेही सारे उंदीर सारखे नव्हेत. प्लेगचे जंतु रानउंदरांत दीर्घकाळ टिकून राहतात. घरउंदीर मात्र त्या रोगानें लवकर मरतो आणि त्याच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं याच तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. धास्तावलेल्या लोकांनीं शेजारच्या बीड जिल्ह्यांतही घरें सोडलीं, आणि सांठविलेलें धान्य उंदरांस मोकळें झालें. १९९४ मध्यें त्या जिल्ह्यांत गांठीचा प्लेग उद्भवला, त्याचें एक कारण अभ्यासकांनीं हेंच मानलें.

यांतून निघणारा नियम गृहस्थानें ध्यानांत ठेवावा. प्लेगच्या सांथींत आधीं पिसवांचा नाश करावा, उंदीर मागाहून मारावे. क्रम उलटला तर निराश्रित पिसवा माणसास शोधतात. घरांत एकाएकीं उंदीर मरून पडूं लागल्यास त्यांस हात न लावतां आरोग्यखात्यास कळवावें. धान्य मात्र नेहमींच झांकून ठेवावें.